कानोसा : टाळी कधी वाजवायची?

 

अश्दोदच्या एका आजीबाईंचा फोन आला होता. त्यांची नऊ वर्षांची नात पियानो शिकते. वर्षअखेरच्या कार्यक्रमाला सगळं घर हौसेनं गेलं. मुलांच्या आधी दोन मोठे वादक स्टेजवर आले, समोरासमोर दोन पियानो मांडलेले, आणि मोझार्टचा सोनाटा सुरू झाला. पहिला भाग असा काही धडाक्यात संपला की आजीबाईंनी कडकडून टाळ्या वाजवल्या आणि वर "वा, शाब्बास!" असंही म्हणाल्या. पाहतात तो काय, सगळ्या हॉलमध्ये टाळी त्यांची एकटीचीच! पुढच्या दोन रांगांनी मान वळवून बघितलं. कुणीतरी "श्श्श" केलं. घरी येताना नात गाडीत म्हणाली, "सवता, पुढच्या वेळी तू येऊ नकोस."

आजीबाई हसत हसत सांगत होत्या, पण आवाज जरा जड झाला होता. "मला सांगा, माझं चुकलं कुठं? दोघांनी एवढं सुंदर वाजवलं, मग त्यांना कळायला नको?"

आजी, तुमचं काही चुकलं नाही. आणि नातीचंही चुकलं नाही, तिला तिच्या बाईंनी तसंच शिकवलंय. पण हा "श्श्श" आला कुठून, हे आजीला आणि नातीला दोघींनाही ठाऊक असावं म्हणून आजचा हा लेख.

आधी त्या मोझार्टकडेच जाऊ. दोन पियानोंचा त्याचा पूर्ण सोनाटा एकच, क्योखेलच्या यादीत त्याचा नंबर ४४८. तेव्हा बहुतेक आजींनी ऐकला तो हाच. १७८१ साली मोझार्ट पंचवीस वर्षांचा होता आणि व्हिएन्नात नुकता येऊन राहिला होता. योझेफा आउर्नहामर नावाची त्याची एक शिष्या होती. तिच्या घरच्या मैफिलीत तिच्याबरोबर वाजवायला म्हणून त्यानं हा सोनाटा लिहिला. (या मुलीच्या रूपाबद्दल त्यानं बापाला पत्रात फार वाईट लिहिलंय, ते इथं सांगण्यासारखं नाही. पण ती वाजवते मात्र सुंदर, हेही त्यानंच लिहिलंय. आणि तिला जो भाग दिलाय तो स्वतःच्या भागाइतकाच कठीण आणि मानाचा आहे. एक पियानो एक वाक्य बोलतो, दुसरा तेच वाक्य उचलून पुढे नेतो. डोळे मिटून ऐकलं तर शिष्या कोण आणि गुरू कोण हे ओळखता येणार नाही.)

आता त्या काळचे लोक मध्येच टाळ्या वाजवायचे का? अहो, वाजवायचे म्हणजे काय, न वाजवल्या तर रचनाकाराला चैन पडायचं नाही. तीन वर्षं आधी, १७७८ च्या जूनमध्ये, पॅरिसला मोझार्टची एक सिंफनी झाली. त्यानं बापाला सगळी हकीकत कळवली. पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा त्यानं मुद्दाम अशी ठेवली होती की लोकांना आवडणारच. तिथं लोकांनी टाळ्या दिल्या, वाजवणं चालू असतानाच! म्हणून तीच जागा त्यानं त्या भागाच्या शेवटी पुन्हा आणली. शेवटच्या भागात तर त्यानं गंमतच केली. सुरुवात फक्त व्हायोलिनांनी, अगदी हळू. ऐकणारे एकमेकांना "श्श्श" करू लागले, आणि एकदम सगळा ताफा जोरात वाजला तशा टाळ्या पडल्या. मोझार्ट इतका खूश झाला की कार्यक्रम संपल्यावर जाऊन त्यानं आइस्क्रीम खाल्लं. मुलांनो, हे आइस्क्रीम माझ्या पदरचं नाही बरं का, त्याच्या पत्रात आहे.

म्हणजे आजी, मोझार्ट त्या हॉलमध्ये असता तर तुमच्याकडे बघून त्यानं मान डोलावली असती.

मग बदललं कधी? हळूहळू, एकोणिसाव्या शतकात. संगीत हे गप्पा मारत, खातपीत ऐकायची गोष्ट नाही, एक लांब विचार आहे, तो मध्ये तुटू नये, असं काही रचनाकारांना वाटू लागलं. मेंडेल्सोननं १८४२ साली आपल्या 'स्कॉटिश' सिंफनीचे चारही भाग न थांबता सलग वाजवायला लावले, टाळ्यांना फटच ठेवली नाही. मग आला वाग्नर. त्याचं नाव काढलं की आपल्या इस्राएलात कपाळाला आठ्या पडतात आणि त्याला कारणही आहे, त्यानं ज्यूंबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. पण एक गोष्ट ऐका. १८८२ साली बायरॉइटला त्याच्या 'पार्सिफाल'चे पहिले प्रयोग झाले. अंक संपल्यावर नटांना टाळ्यांनी बाहेर बोलावू नका, वातावरण मोडतं, असं त्यानं सांगितलं. भक्तमंडळींनी त्याचा अर्थ असा घेतला की टाळीच वाजवायची नाही. पुढच्या एका प्रयोगात एका जागेवर खुद्द वाग्नर आपल्या खुर्चीतून "ब्राव्हो" म्हणून ओरडला, तर लोकांनी त्यालाच गप्प केलं, असं सांगतात. ज्याचं नाटक त्यालाच "श्श्श"! वाचून मला तरी बरं वाटलं.

पुढे रेडिओ आला, रेकॉर्ड आल्या, घरात एकट्यानं ऐकायची सवय लागली आणि हॉलमधली शांतता पक्की झाली. आज तो रिवाज आहे. रिवाज म्हणून पाळावा, पण देवाची आज्ञा समजू नये.

आपल्या लोकांना हा रिवाज जड जातो त्याचंही कारण आहे. आपण वाढलो ते दाद देणाऱ्या लोकांत. बेने इस्राएल समाजात १८८० पासून मराठीत कीर्तनं होत, विषय योसेफाचा किंवा मोशेचा, आणि चाली सगळ्या मराठी मुलखातल्या. कीर्तनाला कुणी मुकाट बसतं का? मराठी संगीत नाटकात तर गाणं आवडलं की "वन्स मोअर!" आणि तेच पद पुन्हा, कधी तीनदा-चारदा. जुगलबंदीत तर ऐकणारा तिसरा वादकच असतो. सतार एक तान फेकते, सरोद ती झेलून परत करतो, तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो आणि अख्खा हॉल "क्या बात है" म्हणतो. ती दाद मिळाली नाही तर वादकाला वाटतं, लोक झोपले की काय.

पण नुसती दाद दिली म्हणजे समज आली असंही नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम झाला. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ, साथीला अल्लारखाँ. सतार आणि सरोद जुळवून झाले, क्षणभर थांबले, आणि हजारो लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. लोकांना वाटलं, पहिलं वाजवणं संपलं! रविशंकर शांतपणे म्हणाले की नुसतं वाद्य जुळवणं एवढं आवडलं असेल तर पुढचं वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. कुणाचा अपमान नाही, कुणाला "श्श्श" नाही. लोक हसले आणि मग नीट ऐकायला बसले. मला वाटतं, नवख्या माणसाला समजावायचं तर असं.

(हिब्रूत आनंदाच्या आरोळीला 'हेदाद' म्हणतात हे मुलांना ठाऊक असेल. यशया आणि यिर्मया यांच्या पुस्तकांत द्राक्षं तुडवणारे लोक 'हेदाद' ओरडतात. त्यात आपली 'दाद' आयती बसलेली आहे. योगायोगच, पण गोड योगायोग.)

आता मुलांसाठी थोडं. दोन माणसं पियानो वाजवतात ते दोन तऱ्हांनी. एक म्हणजे दोन पियानो, तुकड्यांत तुकडे बसवावेत तसे एकमेकांत अडकवून ठेवलेले. वादक समोरासमोर बसतात, मध्ये लांबलचक अंतर, फक्त डोळे दिसतात. दुसरी तऱ्हा म्हणजे एकच पियानो, चार हात. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या दोघांनी वाटून घ्यायच्या, उजवीकडचा वरचे सूर वाजवणार आणि डावीकडचा खालचे. पाय मात्र एकाचाच पेडलवर, बहुतेक वेळा डावीकडच्याचा. म्हणजे दुसऱ्याच्या सुरांची लांबीसुद्धा त्याच्या पायात! कोपरं एकमेकांना लागतात. एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून जातो. एकानं पट्टी दाबून ठेवलेली असते आणि त्याच क्षणी दुसऱ्याला तीच पट्टी हवी असते. दोन पियानोवर दोन पाहुणे एका टेबलाशी जेवतात म्हणा, तर चार हाती वाजवणं म्हणजे एका ताटात जेवणं. भांडण असेल तर घास तोंडात जायचा नाही.

रेडिओ नव्हता त्या काळात युरोपातल्या घराघरांत हा प्रकार चालायचा. बेथोव्हनची सिंफनी शहरात वर्षा-दोन वर्षांत कधीतरी होणार, मग लोक तिची चार हाती प्रत विकत आणून घरी वाजवायचे. दोघी बहिणी, नवरा-बायको, मास्तर आणि विद्यार्थी. ऐकायला कोण? आई, शेजारीण आणि चुलीपाशी झोपलेलं मांजर. शुबर्टनं तर चार हातांसाठी इतकं आणि इतकं सुंदर लिहिलं की तेवढं दुसऱ्या कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही. तो गेला त्याच वर्षी, १८२८ साली, त्यानं एफ मायनरमधली 'फँटसी' लिहिली. ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी नातवंडांना सांगून यूट्यूबवर लावून घ्यावी. वीस मिनिटं लागतात. मध्ये फोन घेऊ नये.

यूट्यूबवरून आठवलं. नंबर ४४८ चा तोच सोनाटा १९९३ मध्ये जगभर गाजला, तो वेगळ्याच कारणानं. अमेरिकेत काही संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं तो ऐकवला, मुराई पेराया आणि राडू लुपू या दोन दिग्गजांनी वाजवलेला, आणि मग कागदाच्या घड्या ओळखण्यासारखी कोडी घातली. मुलांनी ती थोडी बरी सोडवली. परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटं. पण लोकांनी त्याचा अर्थ केला की मोझार्ट ऐकल्यानं बाळं हुशार होतात! १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं जन्मलेल्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची भेट द्यायचं ठरवलं. पुढच्या तपासण्यांत असं काही पक्कं निघालं नाही. तेव्हा नातवंडांना मोझार्ट जरूर ऐकवा, पण गणिताच्या मार्कांसाठी नको.

दोन वादक एकत्र आले की ऐकणाऱ्यांना एक खोड लागते, जिंकलं कोण? १७८१ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, बादशहा योझेफ दुसरा यानं आपल्या रशियन पाहुण्यांच्या करमणुकीसाठी मोझार्ट आणि इटलीचा क्लेमेंटी यांना समोरासमोर बसवलं. आधी एकेकट्यानं, मग दोघांनी मिळून दोन पियानोवर एकच विषय रंगवायचा. मोझार्टला मिळालेला पियानो बेसूर, त्यातल्या तीन पट्ट्या अडकलेल्या! तक्रार केली तर बादशहा म्हणे, त्यानं काही बिघडत नाही. निकाल बरोबरीचा लागला. क्लेमेंटी मोझार्टचं मनापासून कौतुक करत राहिला. मोझार्टनं मात्र बापाला लिहिलं की हा गृहस्थ नुसता यंत्र आहे. मोठा कलावंत होता पण जीभ आवरत नव्हती, काय करणार! पुढे दहा वर्षांनी मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'च्या सुरुवातीला तोच सूर वाजला जो क्लेमेंटीनं त्या दिवशी वाजवला होता. क्लेमेंटीनं आपला सोनाटा छापताना तळटीप देऊन ठेवली की हा मी मोझार्टच्या देखत आधी वाजवला होता.

१८३७ मध्ये पॅरिसला लिस्ट आणि थालबर्ग यांचीही अशीच झुंज लावली गेली, तिकीट चाळीस फ्रँक, पैसे इटालियन निर्वासितांना. कोंबड्यांच्या झुंजीला जमावी तशी बडी मंडळी जमली. मला त्या गोष्टीत फार रस नाही. कारण जिथं ऐकणारे गुण मोजत बसतात तिथं दोघांचं मिळून जे काही होतं ते ऐकूच येत नाही.

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१९१२ चा जून महिना. पॅरिसजवळ बेलव्यू गावात लुई लालोआ नावाच्या संगीत-समीक्षकाचं घर. पाहुण्यांत दोघे, पन्नाशीला टेकलेला देब्यूसी आणि तिशीचा रशियन स्ट्राविन्स्की. स्ट्राविन्स्कीच्या हातात एका नव्या बॅलेचे कागद, 'राइट ऑफ स्प्रिंग', वसंताचा बळी. जेवढं तयार होतं तेवढं चार हातांसाठी लिहिलेलं. देब्यूसीनं ते पाहताक्षणी वाजवायचं कबूल केलं, आणि खालचे सूर घेतले. स्ट्राविन्स्कीनं गळ्याची कॉलर काढायची परवानगी मागितली. चष्मा असूनही त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून नाक पट्ट्यांना लागेल असा वाकून तो वाजवत होता, आणि हातांत मावत नव्हते ते सूर तोंडानं गुणगुणत होता. ज्यांनी हे संगीत ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, त्यात धरायला एकसारखा ताल नाही. पायाखालची जमीन हलावी तसं आहे.

संपलं. आणि लालोआनं नंतर लिहून ठेवलंय की मिठ्या नाहीत, "छान", "सुंदर" नाही, कुणी काही बोललंच नाही. वादळ येऊन घराची मुळं हलवून जावं तसे सगळे सुन्न झाले होते. देब्यूसीनं काही महिन्यांनी स्ट्राविन्स्कीला पत्र लिहिलं, ते संगीत एखाद्या सुंदर पण भयंकर स्वप्नासारखं अजून आपला पिच्छा पुरवतंय, अशा अर्थाचं.

जगातल्या दोन सर्वांत मोठ्या कानांनी एका बाकड्यावर बसून वाजवलं आणि त्याला दाद काय मिळाली, तर शांतता. ही शांतता "श्श्श" करून आणलेली नव्हती, आपोआप पडली होती.

एका वर्षानं, २९ मे १९१३ ला, तेच संगीत पॅरिसच्या शांझेलीझे थिएटरात मोठ्या वाद्यवृंदावर, नाचासकट सादर झालं. काय झालं ते प्रसिद्धच आहे. लोक हसले, शिट्ट्या मारल्या, ओरडले, आपसांत भांडले. गोंगाट इतका की नाचणाऱ्यांना संगीत ऐकू येईना. नाच बसवणारा निजिन्स्की पडद्याआड खुर्चीवर उभा राहून मोठमोठ्यानं आकडे मोजत होता. कंडक्टर मोंतो मात्र मान खाली घालून शेवटपर्यंत वाजवत राहिला. आणि पुढच्याच वर्षी, १९१४ च्या एप्रिलात, त्याच शहरात तेच संगीत नाचाशिवाय झालं, तेव्हा लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेऊन मिरवलं!

एकच रचना. घरात शांतता, थिएटरात दंगा, वर्षभरानं मिरवणूक. सूर तेच होते. म्हणून म्हणते, टाळी वाजली नाही म्हणजे आवडलं नाही असं नाही, आणि दंगा झाला म्हणजे वाईट होतं असंही नाही.

आता अलीकडची एक जोडी. मार्था आर्गेरिच आणि डॅनियल बेरेनबॉईम. दोघांचा जन्म ब्युनोस आयर्सचा, ती १९४१ ची, तो १९४२ चा. दोघंही लहानपणापासून वाजवणारी, ओळख तेव्हापासूनची. १९५२ मध्ये बेरेनबॉईमचं घर इस्राएलला आलं. त्याचे आईवडील दोघं पियानो शिकवायचे. दारावरची बेल वाजली की विद्यार्थीच यायचा, म्हणून जगात सगळेच पियानो वाजवतात असं त्याला वाटायचं, हे तो स्वतः सांगतो. आर्गेरिचची गोष्ट उलटी. एवढी नावाजलेली, पण एकटीनं स्टेजवर बसलं की तिला फार एकाकी वाटू लागलं, म्हणून १९८० नंतर तिनं एकटीच्या मैफिली जवळजवळ सोडल्या. कुणीतरी बरोबर हवं. वर्षानुवर्षं ती ब्राझीलच्या नेल्सन फ्रेरेबरोबर वाजवायची. तो २०२१ मध्ये गेला.

२०१४ च्या एप्रिलात बर्लिनच्या फिलहार्मोनी हॉलमध्ये आर्गेरिच आणि बेरेनबॉईम दोघांची मैफल झाली. कार्यक्रम असा: मोझार्टचा ४४८, शुबर्ट, आणि शेवटी तोच स्ट्राविन्स्की. जिवंत मैफिलीची रेकॉर्ड निघालेली आहे. त्या हॉलमध्ये स्टेज मधोमध आहे आणि लोक चारही बाजूंनी, द्राक्षाच्या मळ्यासारखे पायऱ्यापायऱ्यांवर बसतात. म्हणजे कुणाला वादकांचे चेहरे दिसतात, कुणाला पाठ, कुणाला फक्त हात. स्वतःची टाळी वाजवताना समोरचा टाळी वाजवणारा दिसतो.

बेरेनबॉईमबद्दल आपल्याकडे मतं दोन आहेत, आणि ती घराघरांत आहेत हे मला माहीत आहे. २००१ मध्ये यरुशलेमला त्यानं कार्यक्रम संपल्यावर लोकांना विचारून वाग्नर वाजवला. अर्धा तास वाद झाला, काहीजण दारं आपटून निघून गेले, बरेचसे बसून राहिले. पुढे २००८ मध्ये त्यानं पॅलेस्टिनी नागरिकत्वही घेतलं. ज्यांना राग आहे त्यांचा राग मी कोण काढणार? पण १९९९ मध्ये एडवर्ड सईद यांच्यासोबत त्यानं जो वाद्यवृंद उभा केला, त्यात इस्राएली आणि अरब मुलं एका स्टँडवरचे कागद वाचून वाजवतात. २०१६ च्या ऑगस्टात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हा वाद्यवृंद गेला होता. आर्गेरिचनं लिस्टची कॉन्चेर्तो वाजवली, बेरेनबॉईम कंडक्टर. टाळ्या थांबेनात. मग दोघं एका पियानोशी जाऊन बसली आणि शुबर्टचा चार हाती रोंदो वाजवला. आपला "वन्स मोअर" तेच गाणं पुन्हा मागतो, यांच्यात नवीन काहीतरी मिळतं, एवढाच फरक. पण मला गंमत वाटते ती ही, की त्या वेळी वाद्यवृंदातली सगळी मुलं वाद्यं खाली ठेवून, पियानोभोवती, श्रोते होऊन बसली होती. हजारो लोकांच्या आधी पहिली दाद त्यांची. आणि तो रोंदो काही धडाक्यात संपत नाही. दिवा बारीक करावा तसा हळूच संपतो.

२०२२ मध्ये बेरेनबॉईमची तब्येत बिघडली, २०२३ च्या सुरुवातीला त्यानं बर्लिनच्या ऑपेराचं पद सोडलं, आणि २०२५ मध्ये आपल्याला पार्किन्सन आहे हे त्यानं जाहीर केलं. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला हातांचं काय होतं ते सांगायला नको.

आणि शेवटी आपल्या इथली जोडी. ब्राखा ईडन आणि अलेक्झांडर तामीर. नवीन पिढीला नावं ठाऊक नसतील. ईडन यरुशलेमची, जन्म १९२८. तामीर १९३१ चा, विल्नाचा, म्हणजे आजच्या लिथुआनियातला. मूळ आडनाव वोल्कोविस्की. अकरा-बारा वर्षांचा असताना तो विल्नाच्या गेटोत कोंडलेला होता. गेटोत संगीताची स्पर्धा झाली, त्यात या मुलानं केलेल्या चालीला बक्षीस मिळालं. कवी श्मेर्के काचेर्गिन्स्की यांनी त्या चालीवर यिद्दिश शब्द बसवले. गाणं अंगाईसारखं, कारण पोनारच्या जंगलात काय चाललंय ते उघड म्हणायची सोय नव्हती. १९४३ मध्ये ते गेटोतल्या लोकांसमोर म्हटलं गेलं. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी त्या जंगलात गेलेलं होतं. त्या दिवशी टाळ्या वाजल्या असतील की नसतील, याचा विचार मला करवत नाही. आपल्या इथं योम हाशोआच्या दिवशी ते गाणं अजून म्हणतात, हिब्रू शब्द श्लोन्स्कींचे.

तो मुलगा वाचला. युद्धानंतर इकडे आला, यरुशलेमच्या संगीत अकादमीत शिकला. तिथं ईडन भेटली. १९५२ मध्ये दोघांनी जोडी केली आणि पन्नासहून अधिक वर्षं, २००६ मध्ये ईडन वारली तोपर्यंत, एकत्र वाजवलं. विचार करा वाचकहो, आपल्यापैकी कितीकांची अलिया त्या जोडीच्या नंतरची! १९६८ च्या सुमारास स्ट्राविन्स्कीनंच त्यांना सुचवलं की माझा 'राइट ऑफ स्प्रिंग' तुम्ही चार हाती वाजवा. म्हणजे बेलव्यूच्या त्या घरात सगळ्यांना सुन्न करणारे ते कागद अर्ध्या शतकानंतर यरुशलेमच्या दोघांच्या हाती आले. त्यांनी ते मैफिलीत वाजवले, रेकॉर्डही केली. एका बाकड्यावर बसून, कोपराला कोपर लावून.

त्याच वर्षी, १९६८ मध्ये, दोघांनी एन केरेमला एक संगीत केंद्र सुरू केलं. हदासा हॉस्पिटलला गेलेल्यांना तो भाग माहीत असेल, खाली दरीत, ऑलिव्हच्या झाडांत. मोठा हॉल नाही तिथं, एक दगडी खोली म्हणा. अशा खोलीत वादक आणि ऐकणारे यांच्यात चार हातांचं अंतर. आपली टाळी वादकाला ओळखू येते, आणि आपली शांतताही. तामीर २०१९ मध्ये गेला. केंद्राला आता दोघांचं नाव आहे.

टाळीचं म्हणाल तर व्यवहाराची गोष्ट सांगते. वादकाचे हात पाहा. हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर आले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, की संपलं. हात पट्ट्यांच्या वर नुसते थांबले असतील तर अजून आहे. नातवंडाला शेजारी बसवा, त्याला म्हणावं, संपलं की माझा हात दाब. आणि मध्येच तोंडून "वा" निघालं तर हळू आवाजात निघू द्या, जीव गुदमरवून घेऊ नका.

ज्यांनी ईडन आणि तामीर यांना प्रत्यक्ष ऐकलं असेल त्यांनी दोन ओळी लिहून पाठवाव्यात, मराठीत, हिब्रूत, कशाही. नातवंडांकडून लिहवून घेतल्या तरी चालतील. पुढच्या अंकात छापू.